तीन नोडचा क्लस्टर आणि लाईट गेली की तिन्ही एकदम आडवे, चुकतंय कुठे?

पडवीतला_सर्व्हर, गुहागर:
मंडळी नमस्कार, लांबड लावतोय, चहा घेऊन बसा. घराला लागूनच आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून तीन जुने मिनी पीसी आणले, 8 जीबी रॅम, साध्यातल्या एसएसडी, आणि पडवीतल्या कपाटात के-थ्री-एस (अनेक मशिनींचा एक क्लस्टर करून त्यावर ॲप चालवणाऱ्या कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) चढवलं. तिन्ही मशिनी सर्व्हर नोड, क्लस्टरची नोंदवही म्हणून एम्बेडेड ईटीसीडी, स्टोरेजला लाँगहॉर्न, डेटाच्या तीन रेप्लिका म्हणजे प्रती. वर इमिच घरच्या फोटोंना, पेपरलेस बिलं नि सातबाऱ्यांना, आणि खोल्यांच्या बुकिंगचं मीच लिहिलेलं छोटं ॲप पोस्टग्रेस डेटाबेसवर. झ्याक चाललेलं. पण गौरी जेवायच्या दिवशी पावसात लाईट चारदा गेली आली गेली आली, संध्याकाळी बघतो तर दोन नोडवरचं ईटीसीडी पॅनिक मारतंय, कुब-सीटीएल ही क्लस्टर हाताळायची कमांड नुसती टाईमआऊट. यूपीएस आहे हो, 600 व्हीएचा, मार्चमध्येच बॅटरी बदललीय. तीनातला एक गेला तरी चालतं म्हणून तर एवढा खटाटोप केला ना? सध्या बुकिंग वहीत लिहितोय. बाबा खूश आहेत, म्हणतात वही कधी हँग होत नाही.

खाजणकाठ:
बाबांशी सहमत, पण असो. एक गेला तर चालतं, तुझे दोन गेलेत. ईटीसीडीला बहुमत लागतं, तीनात दोन जिवंत हवेत, नाहीतर ते लिहायचंच थांबवतं. एकाच कपाटात, एकाच यूपीएसवर तीन नोड म्हणजे तीन होड्या एकाच खुंटाला बांधल्या, खुंट उपटला की तिन्ही वाहून जाणार. स्वस्त एसएसडीचं दुखणं वेगळंच, ईटीसीडी दर वेळी एफसिंक मागतं, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर उतरल्याची खात्री, काही डिस्क "लिहिलं" म्हणून सांगतात पण डेटा अजून कॅशमध्येच असतो, तेवढ्यात करंट गेला की फाईल अर्धवट.
आता आधी काही पुसू नको! के-थ्री-एस दर बारा तासांनी, रात्री 12 आणि दुपारी 12 ला, ईटीसीडीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, आपोआप घेतं आणि शेवटचे 5 ठेवतं, सर्व्हरच्या डीबी फोल्डरात स्नॅपशॉट्स नावाने सापडतील. ते आणि सर्व्हर टोकन (क्लस्टरची गुप्त किल्ली) आधी पेनड्राईव्हवर घे. टोकनशिवाय स्नॅपशॉट असून नसल्यासारखा, हे मी रडून शिकलोय. मग एका नोडवर क्लस्टर-रीसेट त्या स्नॅपशॉटचा पाथ देऊन, आणि बाकी दोघांचं डीबी फोल्डर बाजूला सारून त्यांना नव्याने जोड. स्नॅपशॉटमध्ये फोटो नसतात हां, फक्त क्लस्टरची कुंडली असते, डेटा लाँगहॉर्नच्या रेप्लिकांत.
पण मला कळत नाही, यूपीएस असताना मशिनी गेल्याच कशा? मागच्या बूटचा जर्नल, म्हणजे सिस्टमची नोंद, बघ, शेवटची ओळ किती वाजताची आहे.

पडवीतला_सर्व्हर:
बघितला. तिन्हींची शेवटची ओळ 11:42, सेकंदाला सेकंद. लाईट गेलेली 11:40 च्या सुमारास. राऊटर धरून लोड शंभर वॅटच्या आतच असेल, दोन मिनिटांत बॅटरी कशी संपेल? पुढच्या तिन्ही वेळा तसंच.

तळकोकणी, मालवण:
बॅटरी संपली नाय, ओव्हरलोडने यूपीएस पडलो. 600 व्हीए म्हणजे खरे 360 वॅटच्या आसपास. त्या एक्स्टेन्शनला दुसरा काय लावलंस ता बघ मेल्या, घर भरलेला असताना प्लग रिकामी रवता काय?

पडवीतला_सर्व्हर:
😶 काकूला विचारून आलो. कपाटाच्या पलीकडे स्वयंपाकघर. सागोतीच्या वाटणाचा मिक्सर, 750 वॅट. "तो एकच प्लग लाईट गेली तरी चालतो ना रे, म्हणून तिथे लावला, पण तुझा डबा सारखा टीं टीं करून बंद पडत होता, मीच बटण दाबून चालू करत होते." म्हणजे चारदा क्रॅश आणि चारदा बूट काकूनेच केलेत. वर माखराची लायटिंगपण त्यावरच.

खाजणकाठ:
😂😂 मुद्दाम मशिनी पाडून बघायचं चेऑस इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच, काकूंना पगार चालू करा.

कोकमआगळ:
हसून झालं असेल तर मी जरा कडू बोलते, राग मानू नकोस भाऊ. तुला कुबरनेटिस लागतंच कशाला? चार खोल्या, एक ॲप. नोड गेला तरी डिफॉल्टला पॉड, म्हणजे त्यावर चालणारं ॲप, पाच मिनिटं तरी जागचा हलत नाही, आणि पोस्टग्रेससारखा स्टेटफुलसेट, म्हणजे स्वतःचा डेटा धरून बसणारा, तर नोड खरंच मेलाय हे तू सांगेपर्यंत अडूनच बसतो. म्हणजे ज्या रात्री उठायला नको म्हणून तीन मशिनी घेतल्या त्या रात्री तू उठणारच. मी दापोलीत एकाच मशिनवर डॉकर कंपोज (एका मशिनपुरतं कंटेनर चालवायचं साधं टूल) चालवते, दुसरी मशीन थंड ठेवलेली, रोज रात्री पीजी-डंपने डेटाबेसची प्रत आणि रेस्टिकने बॅकअप. मशीन मेली तर अर्ध्या तासात दुसरी उभी, करून बघितलंय. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कित्येक दिवस ना लाईट ना टॉवर, तेव्हा कुठला क्लस्टर वाचवणार होता? शिकायला म्हणून चालवत असशील तर खुशाल चालव, पण मग बुकिंग त्यावर ठेवू नको.

तळकोकणी, मालवण:
ताईंचं पटतंय पण सगळं नाही. शिकायचं तर खऱ्या ओझ्याखालीच शिकता येतं. पण बंद नीट करायला शिक. यूएसबीवाला यूपीएस असेल तर नट (यूपीएसवर नजर ठेवून मशीन नीट बंद करणारं सॉफ्टवेअर) बसव, नसेल तर जुगाड सांगतो, जुना राऊटर यूपीएसवर न लावता थेट भिंतीच्या प्लगवर ठेव आणि स्क्रिप्टने त्याला पिंग मार, तीन मिनिटं उत्तर नाही म्हणजे लाईट गेलीय, आधी पोस्टग्रेस शून्यावर स्केल कर, म्हणजे नीट बंद कर, मग पॉवरऑफ. नुसती के-थ्री-एस सर्व्हिस थांबवलीस तर कंटेनर चालूच राहतात, तिथे फसू नको. बायोसमधलं करंट आला की आपोआप चालू हे बंद कर, लाईट स्थिर झाल्यावर हाताने. आणि पडवीतून कपाट हलव बाबा, खारा वारा लागून माझ्या रॅमच्या पिना हिरव्या पडलेल्या, खोडरबरने घासून चालवली. होमस्टेपर्यंत तांब्याची लॅन केबल ओढली असशील तर तिथे फायबर टाक, माझे दोन स्विच विजेने गेले.

पडवीतला_सर्व्हर:
अपडेट. रात्री 12 चा स्नॅपशॉट लागू पडला, टोकन एका जुन्या ईमेलमध्ये सापडलं. इमिचचा एक व्हॉल्यूम (डेटाचा कप्पा) फॉल्टेड म्हणजे बिघडलेला होता, लाँगहॉर्नमध्ये सॅल्व्हेज करून तोही आला. ताई, बुकिंग ॲप कंपोजवर एका वेगळ्या मशिनवर नेलं, बाकी क्लस्टरवरच, मन होत नाही सोडायला. डंपची एक प्रत चिपळूणला बहिणीकडे जाते. मशीन तिच्या वरच्या मजल्यावर ठेवलीय, 2021 च्या जुलैत पुराचं पाणी कुठवर आलेलं ते बघितलंय. एक्स्टेन्शनवर लाल टेप चिकटवलीय. काकू विचारते, मग लाईट गेल्यावर वाटण कुठे करायचं?