स्मरणयात्रा आणि कॅन्सरची तपासणी: गाडी गावोगाव फिरवावी, की एका गावात थांबावं?

माणदेशी_वाट

वर्षश्राद्धाचा खर्च गावजेवणावर न करता काही घरं आता निराळी वाट धरतात. आई गर्भपिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली, तिचं पंढरपूर राहून गेलं. मग मुलंसुना जीप काढतात, तिच्या माहेरापासून पंढरपूरपर्यंत जातात आणि वाटेतल्या गावांत या कॅन्सरच्या तपासणीबद्दल बोलतात. मला ही पद्धत मनापासून पटते.

एक मार्ग नमुन्यादाखल मांडतो: भूम, परंडा, बार्शी, माढा, पंढरपूर. दहा दिवस, वाटेतली दहा गावं. सकाळी माहिती, दुपारी शिकलेल्या परिचारिकेकडून अ‍ॅसिटिक आम्ल लावून तपासणी, संध्याकाळी पुढचा मुक्काम. देशात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या 2 टक्क्यांहून कमी आहेत, असं 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. जिथे काहीच पोचत नाही तिथे दहा गावांत एकेक दिवस पोचलं तरी ते मोलाचं आहे.

दुःख आणि काम एकाच प्रवासात मावतात याचा दाखला आपल्याकडेच आहे. उद्योगपती दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई 1931 मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. दोराबजींनी 1932 मध्ये त्यांच्या नावाने या आजाराच्या संशोधनासाठी निधी उभारला आणि वर्ष भरायच्या सुमारास इंग्लंडमधल्या त्यांच्या समाधीकडे निघाले. वाटेत जर्मनीत बाड किसिंगेनला त्यांचाही अंत झाला.

सूक्ष्मदर्शी

भावनेबद्दल आदर आहे, योजनेला माझा स्पष्ट विरोध आहे. दोराबजींचा दाखला तुमच्या बाजूने नाही. त्यांचा प्रवास अर्धा राहिला, पण निधी टिकला. दोराबजींच्याच दुसऱ्या विश्वस्त निधीतून 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं. जे एका जागी रुजलं त्यानेच माणसं वाचवली.

आता तुमच्याच मार्गावरचा पुरावा बघा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाच्या मदतीने, 52 गावसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. निष्कर्ष 2009 मध्ये छापून आले. एका गटाला एचपीव्ही म्हणजे या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची चाचणी, एकाला पॅप म्हणजे पेशी पुसून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, एकाला अ‍ॅसिटिक आम्ल लावून पाहणी म्हणजे व्हीआयए, आणि चौथ्याला नेहमीची सेवा. सगळं एकदाच. एचपीव्ही गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेच्या गटात 64. व्हीआयएच्या गटात मात्र मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये हीच व्हीआयए प्राथमिक आरोग्य सेविकांनी केली, तेव्हा मृत्यू 31 टक्के कमी झाले. मोठा फरक हा की मुंबईत दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी झाली. सेविका त्याच वस्त्यांत परत परत गेल्या.

तुमची गाडी एकदा येणार आणि निघून जाणार. म्हणजे उस्मानाबादेत ज्या रूपात व्हीआयएचा उपयोग दिसला नाही, नेमकं तेच रूप तुम्ही निवडलंय. ‘काहीच नाही त्यापेक्षा बरं’ हेही इथे लागू पडत नाही. ‘माझी तपासणी झाली, काही नाही निघालं’ म्हणून निर्धास्त झालेली बाई पुढे अंगावरून पाणी जायला लागलं तरी दवाखान्यात उशिरा जाते.

उपकेंद्र_सेविका

सूक्ष्मदर्शींच्या आकड्यांशी सहमत. त्याच्या आधीच्याच पायरीवर काय बिघडतं ते सांगते, कारण शिबिरं तिथेच फसतात.

व्हीआयएला 5 टक्के अ‍ॅसिटिक आम्ल लागतं. 5 मिली ग्लेशियल, म्हणजे पातळ न केलेलं, अ‍ॅसिटिक आम्ल, 95 मिली शुद्ध पाणी. रोज ताजं करायचं, उरलेलं संध्याकाळी ओतून द्यायचं. बाटली मूळ आम्लाची की पातळ केलेल्याची, हे मोठ्या अक्षरांत लिहिलं नसेल तर एक दिवस कुणीतरी मूळ आम्लच लावतं आणि गर्भाशयमुख भाजतं. मूळ आम्ल गाडीत घेऊन फिरूच नका, नेमक्या मापाचं द्रावण सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या.

आम्ल लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचं, घड्याळ बघून. घाईत वीस सेकंदांत बघितलं तर संशयित भागावर पांढरा डाग उमटतच नाही आणि ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळं होतात. उजेड सरळ आत पडणारा हवा. मोबाइलची बॅटरी चालत नाही, तिच्या निळसर झाकेत सगळंच पांढरट दिसतं.

स्पेक्युलमचा, म्हणजे आतलं दिसावं म्हणून योनी उघडी धरणाऱ्या साधनाचा, हिशेब तर कुणी करतच नाही. एका बाईला नीट समजावून, तपासून, लिहून घ्यायला दहा-बारा मिनिटं लागतात. पाच तासांत पंचवीस होतात. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, जवळ नसेल तर पंचवीस निर्जंतुक स्पेक्युलम सकाळीच हवेत, आणि तेही दोन-तीन मापांचे. वापरलेला आधी 0.5 टक्के क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटं, मग घासून धुणं, मग ऑटोक्लेव्ह. गरम पाण्यातून काढून पुढच्या बाईला वापरणं हा गुन्हाच आहे.

आणखी एक. पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या बाईत जो भाग बघायचा तो आत सरकलेला असतो, तिथे व्हीआयएवर विसंबता येत नाही. शिबिरात नेमक्या त्याच वयाच्या बायका जास्त येतात, कारण तरुण सुना शेतात असतात.

दिंडी

मला दुसऱ्याच बाजूने बोलायचंय. वर्ष भरलं की घरच्यांनी त्या माणसासाठी थोडं थांबायचं असतं. काशी, गया, त्र्यंबक, रामकुंड, नाहीतर तिच्या माहेरचा ओढा, कुठेही. तो प्रवास मोकळा असावा. त्याला फलक, माईक, नोंदवही लावली की जीपमधल्या लोकांना रडायलाही वेळ उरत नाही. तपासणीसाठी पैसे द्या, नक्की द्या, पण स्मरणाच्या प्रवासावर लादू नका.

दुसरी गोष्ट फलकाची. त्यावर आईचा फोटो आणि खाली ‘गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने निधन’. आजारपणात तिने ही गोष्ट शेजारणीलाही सांगितली नसेल, तर मेल्यानंतर दहा गावांत सांगायचा हक्क मुलांना कुणी दिला?

माणदेशी_वाट

दिंडी, फलकाचं पूर्ण मान्य. नाव आणि फोटो ठेवायचा तर आजार लिहू नये, आजार लिहायचा तर नाव नको. तिने हयातीत सांगून ठेवलं असेल तरच दोन्ही. पण प्रवास मोकळाच असावा हे पटत नाही. पुष्कळांचं दुःख हाताला काम मिळालं की हलतं.

सूक्ष्मदर्शी, तुमच्याच अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले. मग गाडीतून व्हीआयए न नेता एचपीव्हीची किट न्यावीत. नमुना बाई स्वतः घेऊ शकते, म्हणजे टेबल, उजेड, स्पेक्युलम काहीच नको.

सूक्ष्मदर्शी

चाचणी बरोबर निवडलीत, आता तिच्यामागे येणारं काम मोजा. उस्मानाबादेत शंभरात साधारण दहा बायका पॉझिटिव्ह निघाल्या होत्या. दहा गावांत प्रत्येकी चाळीस नमुने घेतले तर चाळीस बायका पॉझिटिव्ह. निकाल प्रयोगशाळेतून येतो तोवर तुमची जीप घरी पोचलेली असते. या चाळीस जणींना निकाल कोण सांगणार, कुठे तपासणार, उपचार कोण करणार? उस्मानाबादेत मृत्यू चाचणीने कमी झाले नाहीत, पॉझिटिव्ह बायकांना बोलावून, तपासून, उपचार केल्याने झाले.

भीमातीर

या पेचाला आपल्याकडे शब्द आहे: परतवारी. वारकरी पंढरीला जातो तसा परतही चालतो. इथेही यात्रेच्या दोन फेऱ्या असाव्यात. जाताना नमुने, परतताना निकाल आणि उपचार. मग गावं दहा जमणार नाहीत, तीन जमतील. तीनच घ्या.

क्रम असा बसतो. दीड-दोन महिने आधी तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांना लेखी पत्र. 30 वर्षांवरच्या सगळ्यांची यादी आशाताईंकडे असते, सरकारी कार्यक्रमात त्यांचा अर्ज भरून घेणं हे आशांचंच काम आहे. यादी त्यांची, बोलावणं त्यांचं, आपण फक्त हात लावायचा. गावजेवणाच्या पंगतीला जोडून तपासणी ठेवू नये, बायका वाढण्यात अडकतात.

नमुना घेताना पाळी चालू नसावी. ब्रश किटमध्ये सांगितला तेवढा आत घालून फिरवायचा आणि लगेच नळीत. इथे चूक होते ती नावाची. एका वाडीत एकाच आडनावाच्या चार ‘सुनीता’ असतात. नळीवर क्रमांक, वहीत तोच क्रमांक, पूर्ण नाव, वय, वस्ती. फोन नंबर नवऱ्याचा असेल तर तसं लिहा आणि निकाल फोनवर त्याला सांगू नका. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून येणारा अतिशय सर्रास विषाणू आहे, वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, आणि बहुतेकदा आपोआप जातो. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, आणि त्यावरून कुणाच्या चारित्र्याबद्दल काहीही ठरत नाही. ही दोन वाक्यं नमुना घेण्याआधी सांगायची. निकालानंतर सांगितली तर सारवासारव वाटते आणि घरात भांडणं पेटतात.

उपकेंद्र_सेविका

परतवारी पटली. मग दुसऱ्या फेरीत थर्मल अब्लेशनचं, म्हणजे उष्णतेने डाग जाळायचं यंत्र आणि ते वापरायला शिकलेली डॉक्टर हवी. बॅटरीवर चालतं, गॅसचं नळकांडं लागत नाही. 100 अंशांच्या आसपास तापलेलं टोक अर्ध्या मिनिटापर्यंत टेकवतात. पण सगळ्यांना चालत नाही. डाग आतल्या नळीत शिरलेला, तीन चतुर्थांशाहून जास्त भागावर पसरलेला, कॅन्सरचा संशय किंवा गरोदरपण असेल तर हात लावायचा नाही, पुढे पाठवायचं. ज्यांचं केलं त्यांना काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो आणि महिनाभर संबंध टाळावे लागतात, हे आधी सांगा.

पुढे पाठवणं म्हणजे चिठ्ठी देणं नव्हे. कुठल्या दिवशी ओपीडी, सोबत कोण, एसटीचं भाडं, महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार. स्मरणार्थ पैसे कुठे खर्चायचे असं विचारत असाल तर इथे. माईकवाल्यावर नको.

तंबाखूमुक्त_अंगण

सगळे गर्भाशयमुखावर अडकलात. त्याच दारात तोंडाची तपासणी होऊ शकते, तीही पुरुषांची आणि मिश्री लावणाऱ्या बायकांचीही. टोपलीत हातमोजे, जाळीचं कापड, विजेरी. कवळी काढायला लावा. गालांच्या आत, गाल आणि हिरडीमधली खोबण जिथे तंबाखूची गोळी बसते, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर दंतवैद्याकडे. तिरुवनंतपुरमच्या मोठ्या अभ्यासात तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये अशा पाहणीने मृत्यू 34 टक्के कमी झाले होते.

सूक्ष्मदर्शी

तोंडाचं मान्य, पण तिथेही ती पाहणी दर तीन वर्षांनी परत परत झाली होती हे विसरू नका. आणि कुणी देणगीतून ट्यूमर मार्करची, म्हणजे रक्तातल्या कॅन्सरसूचक पदार्थांची चाचणी वाटणार असेल तर थांबवा. सीए-125 किंवा सीईए हे मार्कर निरोगी माणसांत कॅन्सर शोधायला नाहीत. सोनोग्राफी यंत्र जीपमध्ये घालून नेणं तर गर्भलिंग निदानाच्या कायद्यात अडकवणारं आहे.

वंशवेल

या धाग्यात एक मोठी गोष्ट सुटली. आधी विचारा, गेलेल्या माणसाला कुठला कॅन्सर होता? गर्भाशयमुखाचा असेल तर वरची सगळी चर्चा लागू. स्तनाचा, बीजकोषाचा किंवा मोठ्या आतड्याचा असेल, आणि तोही कमी वयात, तर गाडी अनोळखी गावांत नेऊ नका. तिच्या बहिणींच्या, भावांच्या, भाच्यांच्या घरी न्या. खरी स्मरणयात्रा तीच, आणि ती कुणी करत नाही.

सोबत मोठा कागद घ्या आणि प्रत्येक घरी बसून वंशवेल काढा: कोण, कशाने, कितव्या वर्षी. ‘पोटात गाठ’ म्हणून गेलेली आजी कधीकधी बीजकोषाच्या कॅन्सरची निघते. वडिलांची बाजूही लिहा, जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. बीआरसीए या जनुकासारखा, स्तन-बीजकोषाच्या कॅन्सरची शक्यता वाढवणारा दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

जनुकीय चाचणी आधी आजारी माणसाची करायची असते, तीच हातून निसटलेली असते. पण शस्त्रक्रिया किंवा बायोप्सी झाली असेल तर मेणात बसवलेला ऊतीचा ब्लॉक रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात काही वर्षं ठेवतात. नोंदणी क्रमांक आणि वारसाचा अर्ज घेऊन मागता येतो. म्हणून वर्षश्राद्धाला फाइल जाळू नका, नदीत सोडू नका. कपडे द्या, फाइल ठेवा.

आईला 42 व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर मुलीने 32 च्या सुमाराला कधी आणि कशी तपासणी सुरू करायची हे तज्ज्ञाला विचारावं. मोठ्या आतड्याच्या बाबतीत सख्ख्या नातलगांनी चाळिशी, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यातलं जे आधी येईल ते. बीजकोषाची मात्र जीव वाचवणारी चाळणी तपासणी नाही, तिथे दोष सापडणं हाच बचाव.

दिंडी

वंशवेल, असा प्रवास असेल तर माझा विरोध मागे घेते. मावशीच्या घरी बसून आईबद्दल बोलणं आणि कागद भरणं यात रडायलाही जागा आहे. गावोगावच्या फेरीबद्दल मात्र अजून मन तयार नाही.

माणदेशी_वाट

तीन गावं, दोन फेऱ्या, एचपीव्ही. हे मी स्वीकारतो. एक प्रश्न उरतो, तिथी हिवाळ्यात असेल तर?

उपकेंद्र_सेविका

तर त्या तिथीला गाडी काढू नका. भूम-परंड्याकडची कितीतरी घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागल्यावरच परततात. पौषात गेलात तर वाडीत म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं भेटतील, तिशी-चाळिशीच्या बायका फडावर असतील. पान घरी वाढा. पहिली फेरी मेच्या मध्यावर ठेवा, निकाल हातात घेऊन दुसरी पेरणीच्या आत. त्यानंतर खुरपणी लागते आणि पंढरपूरचे रस्ते पालख्यांनी भरतात. आठवडी बाजाराचा वार टाळा, आणि दुसऱ्या फेरीची तारीख पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या कार्डावर लिहून द्या.