तुरीच्या आयातीत तिकडचा शेतकरीही भरडतो
तुरीच्या आयातीने इकडचा शेतकरी मरतो आणि तिकडचा, म्हणजे आफ्रिकेतल्या मोझांबिकसारख्या देशातला, गब्बर होतो असं कुणीतरी लिहिलंय, त्यातलं पहिलं अर्धं पटतं, दुसरं नाही. मोझांबिकमध्ये तूर फारशी खातच नाहीत, पिकवतात ती मुख्यतः आपल्यासाठी. २०१६ ला भारताने करार केला, खरेदी वाढवत २०२०-२१ पर्यंत वर्षाला २ लाख टनांवर नेऊ म्हणून, आणि वर्षभरातच, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, इकडे विक्रमी पीक आल्यावर आपणच आयातीवर कोटा (वर्षाला इतकीच आयात अशी मर्यादा) लावला, झालं, तिकडचे भाव धाडकन कोसळले (लातूरला तेव्हा हमीभावही मिळत नव्हता ते वेगळंच). आणि आपल्या शेतकऱ्याचं म्हणाल तर, त्यांचा माल आपल्याआधी निघतो, म्हणजे आपली तूर शेतात उभी असतानाच बंदरावर बोटी लागायला लागतात.