शून्याची विरुद्ध संख्या शून्यच, हे पोरांना पटवायचं कसं?

वावरातला मास्तर (यवतमाळ जिल्हा)
सहावीला पूर्णांक संख्या सुरू आहेत. ५ ची विरुद्ध संख्या −५, −८ ची ८, इथवर वर्ग धडाधड उत्तरं देत होता. मागच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "सर, शून्याची?" अर्धा वर्ग म्हणाला, "काहीच नाही." एक जण तर म्हणाला, "सगळं!"

हसू आलं, पण चूक त्याची नाही, आपली आहे. पाच संत्री होती, पाचही खाल्ली, उरलं शून्य, असं आपण पहिलीपासून शिकवतो. मग 'काही नाही'च्या विरुद्ध 'सगळं' हे त्यानं बरोबरच सांगितलं की. सहावीत ऋण संख्या उधारीनं शिकवतो, तिथंही शून्य म्हणजे रिकामा खिसा.

दुसऱ्या दिवशी मैदानावर चुन्याची रेघ मारली. मधे शून्य, इकडे दहा खुणा, तिकडे दहा. दोन पोरं शून्यावर पाठीला पाठ लावून उभी केली. "तीन पावलं चला." एक कडुनिंबाकडे, दुसरा हातपंपाकडे. परत आणलं. "आता शून्य पावलं." दोघंही जागचे हलले नाहीत, पाठी तशाच चिकटलेल्या. तो 'सगळं'वालाच ओरडला, "सर, हे तं एकाच जागी हायेत!"

माझं मत: ऋण संख्या शिकवताना उधारी बंद करावी. शून्य ही आधी जागा म्हणून दाखवावी.

किराणा-वही
मास्तर, रेघा मारा, पोट्टे पळवा, पण उधारी काऊन बंद करता? माह्या वहीत एका कास्तकाराकडे ८०० बाकी. कापसाचा चुकारा आला, ८०० जमा. दोन्ही मिळून शून्य. विरुद्ध संख्या म्हंजे हेच ना, एकमेकीले मिटवणारी जोडी? आता ज्याच्या नावावर बाकीच नाही, त्याचं खातं मिटवाले किती पैसे लागन? शून्य. झालं उत्तर. तुमच्या पावलात हे 'मिटणं' कुठं दिसते?

अन् आमचं शून्य रिकामा खिसा नसते बरं. खातं कोरं असलं तरी खिशात दोन हजार असू शकते.

निवृत्त गुरुजी
किराणा-वही यांच्याशी सहमत. 'धन' आणि 'ऋण' हे शब्दच व्यवहारातले आहेत. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त नियम दिला की समान धन आणि ऋण यांची बेरीज शून्य. उधारी काढायची तर संख्यांची नावंही बदलावी लागतील!

वावरातला मास्तर
गुरुजी, त्याच ग्रंथात शून्याला शून्यानं भागलं तर शून्य, असंही आहे. ते आपण आज शिकवत नाही. नाव कुठून आलं आणि पोराच्या डोक्यात काय बसतं, या वेगळ्या गोष्टी आहेत. 'मिटणं' मात्र माझ्या रेघेवर दिसलं नव्हतं, हे कबूल.

सहावीतल्या पोराची आई
मला गणितातलं फार कळत नाही. पण सोसायटीच्या कर्जाचा विषय निघाला की माझा पोरगा ताट सरकवून उठतो. फळ्यावर 'अमक्यावर ५००० कर्ज' लिहिणं तुम्हाला सोपं आहे. विहीर घ्या ना. काठ म्हणजे शून्य, पाणी तीस फूट खाली, म्हणजे −३०. काठ म्हणजे 'काही नाही' असं कुठलंच लेकरू म्हणणार नाही, त्यावर ते रोज उभं राहतं.

नवोदय २
एवढा काथ्याकूट कशाला? चिन्ह बदला. शून्याला चिन्ह नाही म्हणून शून्य. दोन मार्क. पुढचा प्रश्न.

वावरातला मास्तर
दोन मार्क मिळतात, पण तीच पोरं पुढे '−अ ही नेहमी ऋण संख्या' असं लिहितात. अ = −५ असेल तर −अ = ५. समोर वजाचं चिन्ह दिसलं की ऋण, ही सवय तुमच्या 'चिन्ह बदला'नंच लागते.

धुऱ्यावरची बोर
शून्य म्हंजे धुरा. इकडचं वावर माह्यं, तिकडचं तुह्यं, धुरा कोणाचाच नाही. धनही नाही, ऋणही नाही.

किराणा-वही
धुरा कोणाचाच नाही? कोणत्या गावात राहता भाऊ? आमच्याकडे धुऱ्यापायी तीन पिढ्या कोर्टात हायेत. अन् धुऱ्याले रुंदी असते, त्याच्यावर बोरी असतात, दरसाल शेजारी एक तास कोरून नेते. शून्याले रुंदी नाही म्हणून बरं, नाहीतर तेही नांगरून टाकलं असतं.

पुण्यातला कोडवाला (मूळ दारव्हा)
थोडी भर घालतो. कॉम्प्युटरमध्ये अपूर्णांकांसाठी जे मानक वापरतात (आयईईई ७५४, १९८५), त्यात +० आणि −० असे दोन शून्य आहेत. फ्रान्समध्ये तर शून्याला धनही म्हणतात आणि ऋणही. तेव्हा 'धनही नाही, ऋणही नाही' हे काही त्रिकालाबाधित सत्य नाही, आपण ठरवलेलं आहे.

वावरातला मास्तर
मग त्या दोन शून्यांची तुलना केली तर?

पुण्यातला कोडवाला
समान येतात. शून्याला धन म्हणायचं की नाही, हा ठरवण्याचा भाग. पण शून्यात काय मिळवलं की शून्य येतं, याचं उत्तर फ्रान्समध्येही शून्यच. इथं किराणावाल्यांचं म्हणणं पक्कं आहे, मास्तर.

किराणा-वही
पोट्ट्याले दुकानात पाठवा, शिकवून देतो.

वावरातला मास्तर
पाठवतो, पण ताईंचं ऐकून वहीत 'कर्ज' हा शब्द नको, नुसतं जमा-बाकी. बाकी काल रात्रीच्या पावसानं चुन्याची रेघ गेली. शून्याची जागा तरी राहावी म्हणून आज तिथं एक वीट पुरली.

किराणा-वही
वीट पुरली म्हंजे रुंदी आली, मास्तर.