प्रभातफेरीने डोस पूर्ण होतात का?

हरकारा
काल आमच्या गावातून शाळेची लसीकरणाची प्रभातफेरी गेली. पुढे ढोल, मधे घोषणा देणारी पोरं, मागे मोबाइलवर फोटो काढणारे दोन मास्तर. ज्या आळ्यांतून फेरी फिरली तिथल्या पोरांचे डोस झालेलेच आहेत. ज्यांचे राहिलेत ती घरं कुलूपबंद. माणसं दिवाळीनंतर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, गेली ती उन्हाळ्यातच येणार. मग घोषणा कोणासाठी, कुलपांसाठी?

सरळच बोलतो. 'जनजागृती'च्या नावाने होणारा खर्च बहुतेक वाया जातो. लोक अडाणी आहेत, समजावलं की रांगेत उभे राहतील, ही समजूत सरकारांनी सोडायला हवी. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी प्रयोग केला, निकाल २०१० मध्ये छापून आले. जिथे वेगळं काही केलं नाही तिथे १ ते ३ वर्षांच्या मुलांपैकी ६ टक्क्यांचेच सगळे डोस पूर्ण झाले होते. जिथे दर महिन्याला हमखास शिबिर भरवलं तिथे १८ टक्के. आणि शिबिराला आलं की किलोभर डाळ, सगळे डोस संपले की ताटं, असं जिथे केलं तिथे ३९ टक्के. डाळीने केलं ते ढोलाने होणार नाही.

सुईदोरा
हरकारा, डाळीची गोष्ट अर्धीच सांगितलीत. एक तर डाळ देऊनही ६१ टक्के राहिलेच. दुसरं म्हणजे शिबिराच्या त्या गावांत एक कार्यकर्ता नेमलेला होता. मुलं शोधायची, आयांना शिबिराची तारीख सांगायची, लस कशासाठी ते समजवायचं हे त्याचं काम. याला जनजागृती नाही तर काय म्हणायचं? फक्त त्यात फ्लेक्स नव्हता.

मी अकरा वर्षं उपकेंद्रात डोस दिलेत. थेट 'नको' म्हणणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. खरी गळती होते पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, पहिल्या डोसानंतर. पोर रात्रभर तापतं, मांडी सुजते, आजी म्हणते आता पुन्हा नाही. दीड महिन्याचं लेकरू रात्रभर किंचाळलं की आईची काय हालत होते ते पोस्टर लिहिणाऱ्याला कुठून कळणार? ताप येऊ शकतो हे आधी सांगितलं, औषध किती द्यायचं ते दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी आशाताई दारात डोकावली, की दुसऱ्या डोसाला तीच आजी नातवाला घेऊन येते. न सांगता टोचलं की गेली ती हातची.

हरकारा
ताई, तुम्ही सांगताय ती सेवा झाली. माझं भांडण प्रचाराशी आहे. फ्लेक्सचे पैसे त्या आशाताईला द्या, मी गप्प बसतो.

काळा चहा
प्रचाराला इतकं स्वस्तात काढू नका. २००२ साली देशात १,६०० पोलिओ रुग्ण होते, त्यातले १,२०० हून जास्त उत्तर प्रदेशात. तिकडे बूथ होते, थेंब होते, फुकट होते. तरी लोक दार लावून घ्यायचे, कारण या थेंबांनी पोरं नपुंसक होतात ही अफवा. 'दो बूंद जिंदगी की' म्हणत अमिताभ घरोघर पोचला, पण अफवेपुढे एकट्या अमिताभचंही चाललं नाही. मग त्याच मोहल्ल्यातल्या बायका नेमल्या, इमामांना बरोबर घेतलं, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची मंडळी गल्लीत उतरली. देशात २००९ मध्ये ७४१ रुग्ण, २०१० मध्ये ४२, २०११ मध्ये एक, तोही हावड्याला. त्यानंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही नाही. यात डाळ नव्हती.

नाडीपरीक्षा
डॉक्टर म्हणून एक दुरुस्ती. ७४१ वरून ४२ चं श्रेय एकट्या इमामांना देऊ नका. जानेवारी २०१० पासून दोन प्रकारच्या विषाणूंवर एकत्र चालणारी नवी लस वापरात आली, तिचा वाटा मोठा आहे. त्याआधी तिकडच्या कित्येक पोरांनी चिक्कार डोस घेऊनही पोलिओ झाला होता, आणि अशी दोन-चार पोरं गल्लीत दिसली की अफवेला आयतंच खाद्य मिळतं. लसच कमी पडत असेल तर जनजागृती तोंडावर आपटते. बाकी काळा चहांशी सहमत.

मेलबर्नकर
आमच्याकडे ऑस्ट्रेलियात हा वादच मिटलाय. १ जानेवारी २०१६ पासून 'नो जॅब, नो पे'. तत्त्व म्हणून लस नाकारता येते, पण सरकारी कुटुंबभत्ता थांबतो. व्हिक्टोरियात डोसाचा दाखला नसेल तर पाळणाघरात नावही घालत नाहीत. माझ्या लेकीच्या वेळी पुण्यातल्या डॉक्टरांनी हाताने लिहिलेलं कार्ड इथल्या नोंदवहीत चढवता चढवता नाकी नऊ आले, पण नियमाबद्दल तक्रार नाही. कायदा करा, ढोल बंद करा.

खारावारा
मेलबर्नकर, तुमच्याच बाजूचा पॅसिफिकमधला बेटांचा देश सामोआ आठवा. जुलै २०१८ मध्ये परिचारिकांनी गोवराच्या लसीत पाण्याऐवजी भूल देताना वापरायचं मुदत संपलेलं औषध मिसळलं आणि दोन तान्ही बाळं गेली. सरकारने गोवराचं लसीकरणच काही महिने थांबवलं. लस दोषी नव्हती, मिसळण्यात चूक झाली होती, हे लोकांच्या मनात उतरेपर्यंत लसविरोधकांनी रान उठवलं. लसीकरण ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं. २०१९ अखेर गोवराची साथ आली, जेमतेम २ लाख वस्तीच्या देशात ८३ मृत्यू, बहुतेक लहान मुलं. तेव्हा सक्तीही केली, पण डिसेंबरात दोन दिवस सरकारी कचेऱ्या बंद ठेवून पथकं घरोघर फिरली. ज्या घरात लस राहिली असेल त्यांनी दारात लाल फडकं लावायचं. लोकांनी लावली फडकी. भत्ता कापायच्या धमकीने कोण स्वतःहून फडकं लावेल?

मेलबर्नकर
८३ गेल्यावर लावली. त्याआधी लावली असती का?

खारावारा
नसती. पण जुलै २०१८ मध्येच कोणीतरी दारोदार जाऊन 'चूक आमची, लस बरोबर' असं सांगायला हवं होतं. आपल्याकडे २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. मुलं वाचली हे नशीब. अशा वेळी कायदा दाखवणार की घरी जाणार?

सुईदोरा
कायद्याबद्दल एक. भत्ता कापायला आधी भत्ता मिळायला लागतो. आणि शाळेच्या दारात दाखला मागितलात तर डोसाविना राहिलेलं पोर शाळेविनाही राहील. २०२२ ला गोवंडीत गोवर पसरला तेव्हा अडवायचं कोणाला होतं? भाड्याची खोली बदलत फिरणाऱ्यांना? त्यांची आधीच सगळीकडे अडवणूक होते.

हरकारा
इथे मात्र मी ताईंच्या बाजूने. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला: कोयत्यावरची पोरं.

उसाचं पाचट
मी कारखान्याच्या गावातला. ऊसतोड टोळ्या उतरतात त्या तळावर सिस्टर येते, नाही असं नाही. पण डोसाचं कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. आईला विचारलं तर म्हणते दोन झाले, बाप म्हणतो तीन. सिस्टर बिचारी काय टोचणार? गेल्या हंगामात काही बायांच्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो होता, त्यांच्या पोरांचं काम पाच मिनिटांत झालं. तुमचे ते दोन मास्तर फोटो काढतातच ना? टोळ्या निघायच्या आधी कार्डांचे काढायला सांगा.

हरकारा
सांगतो. आणि फेरीच तळावर आणली तर? पोरांना एसटीने आणू.

उसाचं पाचट
आणा की. सकाळी मात्र येऊ नका, पहाटेच माणसं फडात जातात. संध्याकाळी मोळ्या भरून झाल्या की या, चुली पेटलेल्या असतात. आणि ढोल घरी ठेवा, बैल बुजतात.