ग्वाल्हेर : पंधरा-सोळा तास वीज नसेल तर घरी ऑक्सिजनवर असलेल्या माणसाची सोय कशी लावावी?

दौलतगंजची_सून

नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या मागच्या गल्लीत राहतो. घर जुने, दगडी पाट्यांच्या छताचे आहे. सासऱ्यांचे वय 79, सासूबाईंचे 74. सासऱ्यांना फुप्फुसांचा जुना विकार असल्यामुळे गेल्या दिवाळीपासून रात्रभर मिनिटाला दोन लिटर या प्रमाणात ऑक्सिजन लावावा लागतो आणि त्यासाठी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र, घरी आणला आहे. सासूबाईंना दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी धुळीचे वादळ आले. तारांवर झाडे पडली, खांब वाकले आणि शहराचा मोठा भाग एकाच वेळी अंधारात गेला. आमच्याकडे सव्वासातला गेलेली वीज दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आली. इन्व्हर्टरला 150 अँपिअर-अवरची बॅटरी आहे, तिला तीन वर्षे झाली. वीज गेल्यावर नेहमीप्रमाणे तिन्ही खोल्यांतले पंखे चालू राहिले, त्याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. नऊ वाजता सासऱ्यांना झोपवताना कॉन्सन्ट्रेटर लावला आणि दहा वाजायच्या आत इन्व्हर्टर टूं टूं करत बंद पडला. उशाशी स्टुलावर मेणबत्ती लावून मी मोबाइलच्या उजेडात ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पाहत होते. आधी 91 दिसले, मग 88, मग 85. सासूबाई ओला पंचा त्यांच्या कपाळावर ठेवून हातपंख्याने वारा घालत होत्या आणि एक शब्दही बोलत नव्हत्या. तक्रारीचा फोन लागत नव्हता. शेवटी अकरा वाजता रिक्षा मिळाली आणि चौदा-पंधरा किलोचे ते यंत्र मांडीवर घेऊन आम्ही त्यांना थाटीपूरला नणंदेकडे नेले, कारण तिथली वीज गेली नव्हती.

ती रात्र निभावली, पण उन्हाळा अजून बराच उरला आहे. मोठा इन्व्हर्टर घ्यावा की जनरेटर? जनरेटर ठेवायला आमच्याकडे जिन्याखालच्या जागेखेरीज दुसरी जागा नाही. इन्सुलिनचे काय करावे, हेही कोणी जाणकारांनी सांगावे.

मुरारचे_काका

ताई, मी उपकेंद्रांच्या देखभालीत नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो. तो समजला की काय विकत घ्यायचे, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

150 अँपिअर-अवर आणि 12 व्होल्ट यांचा गुणाकार 1800 वॉट-अवर होतो. त्यातले सगळे वापरता येत नाही आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज खर्ची पडते, त्यामुळे नव्या बॅटरीतून साधारण 1200 धरावे. तीन वर्षे ग्वाल्हेरचा उन्हाळा सोसलेल्या बॅटरीतून 900 मिळाले तरी समाधान मानावे. साधा छताचा पंखा 75 वॉट घेतो, म्हणजे तीन पंख्यांचे 225 झाले. दिवे धरून सव्वासात ते नऊ या वेळातच तुमची निम्मी वीज संपली होती. मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारा कॉन्सन्ट्रेटर तीनशे-साडेतीनशे वॉट घेतो, तो त्यावर चढला तेव्हा एकूण भार सहाशेच्या घरात गेला. यात आणखी एक गोष्ट आहे, जी दुकानात सहसा सांगितली जात नाही. बॅटरीवर लिहिलेले 150 हे वीज वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने काढली तर मिळते. तुम्ही पन्नास अँपिअरच्या वर ओढत होतात, आणि इतक्या जोराने ओढली की तीच बॅटरी बरेच कमी देते. ती तासाभरात बसली, यात बिघाड काहीच नव्हता.

म्हणून मोठा इन्व्हर्टर हे माझ्या मते उत्तर नाही. सोळा तास कॉन्सन्ट्रेटर चालवायचा तर केवळ त्याच्यासाठीच पाच हजार वॉट-अवरच्या पुढे साठा लागेल, म्हणजे अशा चार-पाच बॅटऱ्या. त्या घेतल्या तरी रोज दोन-दोन तासांची कपात असेल त्या आठवड्यात त्या पूर्ण भरणारही नाहीत. कॉन्सन्ट्रेटरचा भार बॅटरीवरून काढूनच टाकावा. ते कसे करायचे, हे वैद्यकीय माणसांनी सांगावे. उरलेल्या कामासाठी आहे तोच इन्व्हर्टर पुरेल. फक्त बॅटरी बदला आणि दोन पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या जातीचे लावा. ते तीस वॉटच्या आसपास घेतात. दोन पंखे आणि दोन लहान दिवे मिळून ऐंशी वॉट झाले, तर नवी बॅटरी पंधरा तास जाईल. तिसऱ्या खोलीचा पंखा इन्व्हर्टरच्या जोडणीतून वायरमनकडून कायमचा काढून घ्या. आठवणीने बंद करू, असे म्हणून ते होत नाही, हे तुम्ही अनुभवलेच आहे.

जिन्याखाली जनरेटर कदापि ठेवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. जिना धुराड्याचे काम करतो आणि तो वायू वरच्या खोल्यांत भरतो. ज्या घरात आधीच एकाला श्वास पुरत नाही, तिथे हा विचारसुद्धा मनात आणू नये.

किती तासांची तयारी ठेवावी, याबद्दल एक आठवण सांगतो. 30 जुलै 2012 रोजी पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी देशाचे उत्तर ग्रिड, म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांना जोडणारे वीजजाळे, कोसळले. त्याची सुरुवात आपल्याच दारात झाली होती, बीना ते ग्वाल्हेर या 400 किलोव्होल्टच्या लाइनवर. शेजारच्या काही लाइन कामासाठी बंद होत्या, उरलेल्या या एका वाटेवर भार वाढत गेला आणि ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. त्या दिवशी पुरवठा पूर्ववत व्हायला दुपारचे चार वाजले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता पुन्हा तेच घडले आणि या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड गेली. सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली आणि ती पूर्ववत व्हायला रात्रीचे साडेनऊ वाजले. इतका वेळ लागण्याचे कारण असे की कोळशाच्या केंद्राला स्वतःचे पंप आणि पंखे चालवायला आधी बाहेरून वीज लागते, म्हणून प्रथम जलविद्युत किंवा वायूवरची केंद्रे सुरू करून त्यांच्या आधाराने इतर केंद्रे एकेक करून उठवावी लागतात. म्हणजे अख्खे ग्रिड गेले तेव्हाही वीज आठ ते चौदा तासांत आली, आणि वादळात गल्लीतले खांब पडले तेव्हा तुम्हाला सोळा तास थांबावे लागले. घरच्यासाठी चोवीस तास धरून चाला.

परिचारिका_थाटीपूर

ताई, काकांनी सोडलेला भाग मी सांगते. कॉन्सन्ट्रेटरला पर्याय म्हणजे ऑक्सिजनचा सिलिंडर. त्याला वीज लागतच नाही. घरगुती वापराला ‘बी टाइप’ सिलिंडर मिळतो, त्यात सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर या हिशेबाने तो साडेबारा तास पुरतो. चोवीस तासांची तयारी करायची तर दोन सिलिंडर भरून ठेवा. डॉक्टरांनी ठरवलेला प्रवाह मात्र घाबरून स्वतःच्या मनाने वाढवू नका. या विकारात गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजननेही अपाय होतो. आकडा नेमका किती खाली गेला की रुग्णालय गाठायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद ऑक्सिमीटरच्या डबीतच ठेवा. त्या आकड्याखाली गेल्यावर रिक्षा शोधत बसू नका, 108 ला फोन करा.

आता एक गोष्ट मी काळजीपोटी जरा कडक शब्दांत सांगते आहे, तिचा राग मानू नये. उशाशी मेणबत्ती होती, हे वाचून माझ्या छातीत धस्स झाले. ऑक्सिजन चालू असतो तेव्हा तो अंथरुणात, उशीच्या अभ्र्यात, अंगावरच्या कपड्यांत मुरलेला असतो आणि एरवी विझून जाईल अशी ठिणगीसुद्धा तिथे भडकते. वीज गेली की आपला हात आपोआप मेणबत्तीकडे, कंदिलाकडे जातो, संध्याकाळ असेल तर निरांजनाकडे आणि उदबत्तीकडे जातो. त्या खोलीत यातले काहीही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर देव दुसरीकडे हलवा. उजेडासाठी चार्जिंगचा दिवा वापरा. सिलिंडर उभा ठेवून साखळीने भिंतीला बांधा आणि त्याच्या तोंडाला तेलाचा किंवा मलमाचा हात लागू देऊ नका. किल्ली सुतळीने सिलिंडरलाच बांधून ठेवा, कारण अंधारात नेमकी तीच सापडत नाही.

इन्सुलिनची चिंता त्या मानाने कमी आहे. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये राहू द्या आणि फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. वापरात असलेली बाटली 30 अंशांच्या आत राहिली तर बहुतेक प्रकारचे इन्सुलिन चार आठवडे टिकते. मे महिन्यात आपल्या खोल्या 30 अंशांवर कुठे थांबतात, म्हणून बाटली घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून ती डबी एका लहान मडक्यात ठेवा, मडके ओल्या वाळूच्या परातीत ठेवा आणि वरून ओले फडके टाका. बर्फाला बाटली चिकटू देऊ नका. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

वाड्यातली_माई

माझे सासर ग्वाल्हेरातल्याच ‘चिटणीसांची गोठ’ या वस्तीतले. तुमच्यासारख्याच पाट्यांच्या छताखाली माझे सत्तेचाळीस उन्हाळे गेले, म्हणून उकाड्यापुरते सांगते.

दगडी पाटी दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते खोलीत सोडते. वीज गेल्यावर वरच्या मजल्यावर थांबणे म्हणजे तव्याखाली बसण्यासारखे आहे. सकाळी आठलाच खिडक्या लावून पडदे ओढायचे, दिवस मावळल्यावर गच्चीवर दोन-तीनदा पाणी मारायचे आणि मग खालच्या-वरच्या सगळ्या खिडक्या उघडायच्या, हा आमच्या घरचा नेम आहे. वाळ्याचा पडदा अजूनही बाजारात मिळतो. तो पश्चिमेच्या किंवा वारा येईल त्या दारावर लावून तासातासाने तांब्याने भिजवावा. आपली लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, कोरडी असते, म्हणून मे महिन्यात हा उपाय हमखास लागू पडतो. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की त्याचा उपयोग उरत नाही.

आणखी एक सांगते. भर दुपारी खोली चाळीस अंशांच्या वर गेली असेल तेव्हा नुसता पंखा म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर लूच फेकतो. आधी ओल्या पंचाने हात, मान, पाय पुसावे आणि मग वारा घालावा. तुमच्या सासूबाई त्या रात्री जे करत होत्या, ते अगदी बरोबर होते, त्यांना हे माझ्याकडून सांगा. दिवसभर कैरीचे पन्हे, ताक, साखर-मिठाचे पाणी घोट घोट देत राहावे. पन्ह्यात साखर किती घालायची, ते सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दौलतगंजची_सून

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मेणबत्तीचा विचार माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते.

काका, एक विचारायचे राहिले. त्या दिवशी अकराला वीज आली, पाच मिनिटांत गेली, पुन्हा आली आणि पुन्हा गेली. असे का होते? आणि तेव्हा यंत्र लावावे की नाही?

मुरारचे_काका

लावू नये. पहिली पंधरा मिनिटे तर नाहीच.

बराच वेळ वीज नसली की गल्लीतला प्रत्येक फ्रिज, कूलर, एसी आणि पाण्याची मोटर चालू स्थितीतच वाट पाहत असते. एरवी ही यंत्रे आलटून पालटून चालतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर सगळ्यांचा भार एकदम येत नाही. वीज परत येताच मात्र ती सगळी एका क्षणी सुरू होतात, आणि मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. मग फ्यूज उडतो किंवा फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज देणारी लाइन, पुन्हा ट्रिप होतो आणि लाइनमनला परत खांबावर चढावे लागते. त्यांची बिचाऱ्यांची ती दुसरी रात्र असते. यावर उपाय गल्लीच्याच हातात आहे. वीज जाताच एसी, फ्रिज, कूलर आणि मोटरचे बटण बंद करावे, फक्त एक दिवा चालू ठेवावा आणि तो पंधरा मिनिटे स्थिर जळला की एकेक यंत्र लावावे. शेजारच्या दहा घरांनी एवढे केले, तरी फरक पडतो. कॉन्सन्ट्रेटर सर्वांत शेवटी लावा, कारण व्होल्टेजच्या झटक्याने त्याचा कॉम्प्रेसर गेला तर दुरुस्तीला दिवस लागतील.

जीवाजीगंज_रहिवासी

थोडे पाण्याबद्दल लिहितो. शहराचे पाणी मुख्यतः तिघरा जलाशयातून येते, पण ते घराच्या टाकीत चढवायला मोटरच लागते. आकाश पिवळे दिसू लागले की लगेच टाकी भरून घ्यावी. वादळ अंगणात आल्यावर वेळ उरत नाही.

दौलतगंजची_सून

कळवायचे राहू नये म्हणून लिहिते. रविवारी वायरमन येऊन बैठकीचा पंखा इन्व्हर्टरवरून काढून गेला, आणि सासऱ्यांच्या व आमच्या खोलीत बीएलडीसी पंखे लावले. बॅटरी पुढच्या पगारावर घेऊ. डॉक्टरांनी 85 हा आकडा लिहून दिला आहे. दोन सिलिंडर आणले आणि यजमानांनी ते भिंतीला साखळीने बांधले. देव्हारा सासूबाईंनी स्वतः स्वयंपाकघरात हलवला. त्यासाठी मला त्यांना काहीच समजवावे लागले नाही, परिचारिकाताईंचा मजकूर वाचून दाखवला तेवढेच.

काल संध्याकाळी मुद्दाम मुख्य स्विच बंद करून आम्ही तालीम केली. वीज गेल्यापासून सिलिंडरवरून ऑक्सिजन सुरू होईपर्यंत आधी सात मिनिटे लागली, कारण नळीचे टोक अंधारात मला बसवता येईना. दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी दिवा धरला आणि तीन मिनिटांत झाले. शेजारच्या नऊ घरांना काकांचा मजकूर वाचायला दिला आहे, त्यांतल्या सहा जणांनी तसे करण्याचे कबूल केले आहे. उरलेल्या तिघांकडे मी आणि सासूबाई आज संध्याकाळी जाणार आहोत.