प्रतिसाद : मेणबत्ती घासा, पण आधी लाकूड बघा

ताई, आजोबांच्या फोटोची लाकडी फ्रेम रंगवून जुनी दिसावी म्हणून रंग वाळला की सगळीकडून पॉलिश पेपर मारा, असं वर सुचवलंय. त्यानं फ्रेम जुनी नाही, नुसती खरवडलेली दिसते. रंग खरा उडतो तो कडांवर, कोपऱ्यांवर आणि हात लागतो तिथं. तेवढ्याच जागी गडद थर वाळल्यावर मेणबत्ती घासा आणि वरून फिका रंग द्या. मेणावर रंग धरत नाही, त्यामुळे १८० नंबरचा पेपर हलका फिरवला तरी तो निघतो आणि खालचा थर दिसतो.

आपल्याकडच्या जुन्या फ्रेमा बहुतेक सागाच्या. सागातलं तेल पांढऱ्या रंगातून पिवळट डाग होऊन वर येतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचा (म्हणजे लाखेचा) एक हात आधी दिला, की डाग अडतो. मागच्या बाजूला उधई लागली असेल, तर रंगाच्या भानगडीत पडूच नका.

फ्रेमवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडं घासू नका, त्यात शिसं असू शकतं. रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. पेपर ओला ठेवा, तोंडाला मास्क लावा, पोरांना दूर ठेवा.

आणि मे महिन्यात अंगणातल्या उन्हात तर अजिबात नको! वरचा पापुद्रा वाळतो, आतला रंग ओलाच राहतो. सकाळी छपरीत बसून करा. आजोबांचा फोटो काचेला चिकटला असेल, तर ओढू नका. काचेसकटच बाजूला ठेवा.