विषय: उद्या रात्री उणे दोन, टोमॅटो कशाने झाकायचे?

टिळकवाडीहून, आई:
मंडळी, घाईत लिहितेय. लेकाचा आत्ताच न्यू जर्सीतल्या एडिसनहून फोन आला. उद्या रात्री तिकडे उणे दोन दाखवतंय आणि परसातली भाजी सगळी उघड्यावर. आम्ही जूनअखेर बेळगावला परत आलो तेव्हा टोमॅटोला नुसती फुलं होती, आता फांद्या हिरव्या फळांनी वाकल्यात म्हणे. प्लास्टिक टाकायचं की कापड? गॅरेजात ती दिवाळीच्या मांडवाची ताडपत्री आहे. (दोऱ्या ज्यांनी नेल्यात त्यांनी परत द्या, कितींदा सांगायचं?)

एडिसनहून, वहिनी:
दोऱ्या आमच्याकडे नाहीत. कापडच घाला. प्लास्टिक पानाला जिथं चिकटतं तिथलं पान काळं पडतं. ताडपत्रीच वापरायची तर आत काठ्या रोवून ती पानांपासून वर धरा, आणि सकाळी ऊन पडलं की लगेच काढा, नाहीतर आत झाड उकडून निघतं. कढीलिंब आत घेतलाय ना? तो रात्री दहा अंशांखाली जायच्या आतच घरात हवा होता. मागच्या वर्षीचं आठवतंय ना सगळ्यांना.

कडोलीहून, काका:
कापडाबिपडाचं राहू द्या, आधी पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सावकाश सोडते, कोरडी भुसभुशीत माती लगेच निवते. नाशिककडचे द्राक्षवाले कडक थंडीत पाणी देतात आणि बांधावर धूरही करतात. लेकाला सांगा, कोपऱ्यात पाला पेटव म्हणून.

एडिसनहून, वहिनी:
काका, न्यू जर्सीत पाला जाळायला बंदी आहे. धूर दिसला की शेजारी बंब बोलावतील. पाणी द्या, पण दुपारी आणि मुळाशी. पानं ओली ठेवून रात्र काढू नका.

शहापूरहून, मावशी:
काकांनी भातावर बोलावं, बासमतीत त्यांचा हात कुणी धरणार नाही. परसबागेचं आम्हाला विचारा. जुनी सुती लुगडी सगळ्यात बरी, हलकी असतात, फांदी मोडत नाही. पण सुनेनं गेल्या खेपेला फोटो पाठवलेला, त्यात झाडाला कापड गुंडाळून बुडाशी आवळून बांधलेलं, गणपतीच्या शिध्याचं गाठोडं जसं. तसं केलं की जमिनीची ऊब बाहेरच राहते, आत काय येणार? कापड तंबूसारखं खालपर्यंत सोडायचं, कडा मातीला टेकवून वर विटा ठेवायच्या. आणि अंधार पडायच्या आधी. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन झपाट्यानं निवते, त्याच रात्री दहिवर गोठतं.

खानापूरहून, दादा:
मावशी, शहापुरात बसून थंडी सांगूलालाय काय! खानापुरात या पहाटे, दाताला दात वाजतात. आमचा वाटाणा दवानं ओला असतो, मग पानांवर भुरी, ती पांढरी बुरशी येते. कापड घालून ती जायची नाही.

शहापूरहून, मावशी:
भुरीचं कुणी विचारलंय?

टोरांटोहून, भाऊ:
सगळं कशाला झाकताय? मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा एवढ्या थंडीत तग धरतात. पालक आणि गाजर तर थंडी लागल्यावर गोड होतात, साखर वाढवून झाड स्वतःला गोठण्यापासून वाचवतं. टोमॅटो, मिरच्या, वांगी, भेंडी, दोडका यांचीच काळजी करा. अळूची पानं काळी पडतील, पडू द्या. मग कंद उकरून सुकवा आणि कोरड्या वाळूत घरात ठेवा, जिथं गोठणार नाही अशा जागी. लसूण मात्र आत्ताच लावा. पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल, वरून पेंढा. उन्हाळ्यात काढा. आणि बागेचा नळ आतून बंद करून पाइपातलं पाणी सोडून द्या, फुटला तर भाजीपेक्षा महाग पडेल.

कडोलीहून, काका:
लसणाला पाणी कमी. एवढंच सांगतो, बाकी तुम्ही शहाणे.

टिळकवाडीहून, आई:
लेक म्हणतो चादरी मिरच्या-वांग्यांनाच पुरतील, टोमॅटो काढूनच घेतो. हिरवे पिकतील का घरात?

एडिसनहून, वहिनी:
पुरते वाढलेले, पांढुरके झालेले पिकतात. कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा, पिकायला ऊन लागत नाही. फ्रिजमध्ये नको. बारके, टणक असतील ते पिकणार नाहीत. खोकं भरून आमच्याकडे पाठवा, चटणी मी करते.

शहापूरहून, मावशी:
चटणीत तीळ की शेंगदाणे?

टिळकवाडीहून, आई:
तीळ. आणि वहिनी, खोकं घ्यायला याल तेव्हा गॅरेजात दोऱ्या ठेवून जा.